शेरेपुस्तक गाडीतच ठेव

सातारा,
२२ जुलै

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार.

तालुक्यातल्या मुख्याध्यापकांचा ताण हलका व्हावा म्हणून एकेकाशी बोलायचं ‘कोचिंग’ सुरू करायचं काम तुझ्या गळ्यात पडलं, हे वाचून आधी हसू आलं आणि मग काळजी वाटली. हसू त्या शब्दाचं. आपल्याकडे कोचिंग म्हणजे दहावीचा क्लास. ‘तुम्हाला कोचिंग लावलंय’ असा निरोप गेला, तर पन्नाशीतला मुख्याध्यापक समजणार की आपण कच्चे ठरलो. हा शब्द परिपत्रकातच राहू दे. माणसांशी बोलताना ‘अधूनमधून निवांत बसू’ एवढंच म्हण.

काळजी आहे ती तू केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळा तपासणारा अधिकारी, आहेस म्हणून. ज्याच्या हातात तपासणीचे शेरे लिहायचं शेरेपुस्तक, त्याच्यापुढे कोण मन मोकळं करणार? यावर मला एकच उपाय पटतो, तो म्हणजे अदलाबदल. तुझ्या केंद्रातले मुख्याध्यापक शेजारच्या केंद्रप्रमुखाकडे, त्याचे तुझ्याकडे. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून हे लेखी घे. त्यातच लिहून घे की बैठकीत काय बोलणं झालं ते कुणी विचारणार नाही. नोंद फक्त तारखेची. हे मिळत नसेल तर सुरूच करू नकोस. गुप्ततेचं नुसतं आश्वासन देऊन ती न पाळण्यापेक्षा सरळ तपासणी बरी, तिथे माणूस निदान सावध तरी असतो.

समोर येणारा माणूस कोण आहे, हे तुला ठाऊक आहेच, तरी लिहितो. शिक्षण हक्क कायद्यानुसार (२००९) पहिली ते पाचवीच्या शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो तो पट १५० च्या वर गेला तर. आपल्या बहुतेक शाळा त्याच्या खूप खाली. म्हणजे दोन वर्ग एकत्र शिकवणारा ज्येष्ठ शिक्षकच मुख्याध्यापकाचा कारभार ओढतो. पोषण आहाराचा तांदूळ प्राथमिकला माणशी १०० ग्रॅम. ३४ मुलं हजर तर ३ किलो ४०० ग्रॅम. नोंदवहीतला शिल्लक तांदूळ आणि पोत्यातला तांदूळ जुळेना, की त्याची झोप उडते. वर सांगावं तर अकार्यक्षम ठरतो, सहकाऱ्यांना सांगावं तर वचक जातो, घरी सांगावं तर ‘रोजचंच आहे’ म्हणतात. कामाच्या ओझ्याहून हे एकटेपण जास्त थकवतं. बाई मुख्याध्यापक असतील तर ग्रामपंचायतीतल्या पुरुषांशी बोलताना प्रत्येक गोष्ट दोनदा सिद्ध करावी लागते, ते वेगळंच.

आता बसायचं कसं ते. एका वेळी पाचपेक्षा जास्त मुख्याध्यापक घेऊ नकोस. प्रत्येकाबरोबर सहा बैठका, तीन-तीन आठवड्यांनी, ४५ मिनिटांच्या. त्यांच्या ऑफिसात बसू नकोस. दर पाच मिनिटांनी कुणीतरी दाखल्यावर सही घ्यायला येतं. शाळा सुटल्यावर रिकामा वर्ग, नाहीतर वाचनालय. टेबल मध्ये नको, खुर्च्या थोड्या तिरक्या. दोघांचेही फोन बंद, आणि हे आधी सांगून ठेव, नाहीतर ‘माहिती तातडीने सादर करावी’ असा मेसेज येईल या धास्तीनं त्यांचं अर्धं लक्ष खिशात राहील.

पहिल्याच बैठकीत गुप्ततेची मर्यादा स्पष्ट सांग. जिवाला धोका असेल किंवा मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं, तर ते तुझ्यापाशी राहणार नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवणं पोक्सो कायद्यानं (२०१२) बंधनकारक आहे. हे नंतर सांगितलंस तर फसवल्यासारखं वाटतं.

‘कसं चाललंय?’ला उत्तर येणार ‘ठीक आहे, चाललंय.’ तिथे घाई करू नकोस. मनात दहा आकडे मोज. बहुतेकदा सातव्या-आठव्या आकड्याला दुसरं वाक्य येतं, आणि खरं तेच असतं. नाहीच आलं, तर ‘या आठवड्यात शाळेतून निघताना सगळ्यात जड पाय कुठल्या दिवशी झाले?’ असं विचार. दिवस विचारला की माणूस प्रसंगावर येतो. भावना थेट विचारली तर आपल्याकडची माणसं लाजतात. ‘का’ मात्र शक्यतो टाळ. ‘असं का केलंत?’ हे वाक्य आपल्या खात्यात कारणे दाखवा नोटिशीसारखं ऐकू येतं आणि माणूस लगेच खुलासा द्यायला लागतो. ‘त्या वेळी काय काय डोक्यात होतं?’ असं विचारलं तर तोच माणूस विचार करायला लागतो.

बैठक सगळ्यात जास्त कशानं बिघडते सांगू? तुझ्या मदतीनं. ‘पोर्टलवर माहिती भरता येत नाही’ असं ते म्हणतील आणि तू मोबाईल पुढे ओढून ती भरून देशील. ४५ मिनिटं संपली, दोघंही खूश, आणि मूळ गोष्ट तशीच. पोर्टलसाठी वेगळा दिवस ठेव. दुसरा धोका म्हणजे तिसऱ्या माणसाबद्दलच्या तक्रारी. दहा मिनिटं ऐक, मग एवढंच विचार, ‘यातलं तुम्हाला जास्त काय लागलं?’

गर्दी झालेलं डोकं मोकळं करायला मला कागदाचे तीन रकाने उपयोगी वाटतात: माझ्या हातातलं, माझ्या शब्दाला वजन असलेलं, हाताबाहेरचं. सगळे त्रास एकेका ओळीत त्यांनी स्वतः लिहायचे. रिक्त पद तिसऱ्या रकान्यात जातं, शाळा व्यवस्थापन समितीतला वाद दुसऱ्या. कागद भरला की पहिल्या रकान्यातली एकच गोष्ट निवडायला सांग आणि ती इतकी बारीक कर की चुकणं कठीण जाईल. ‘रात्री फोन बघणार नाही’ हा संकल्प झाला, तो दोन दिवस टिकतो. ‘सोमवार ते शुक्रवार साडेआठला फोन स्वयंपाकघरातल्या कपाटावर, आणि हे दोघा सहकाऱ्यांना आधी सांगून ठेवलंय’ याला पाऊल म्हणायचं. पुढच्या बैठकीची सुरुवात त्याच पावलापासून कर. जमलं नसेल तर शाबासकी नको आणि खंतही नको. कपाट लांब होतं की भीती मोठी होती, एवढं शोधा.

थकवा कधी आपल्या हाताबाहेर जातो, ते ओळखायला हवं. जागतिक आरोग्य संघटना कामातून येणाऱ्या या गळून जाण्याला आजार म्हणत नाही, कामाशी निगडित स्थिती म्हणते: शक्ती संपणं, कामाबद्दल मन विटणं, आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. इथवर आपलं बोलणं कामी येतं. पण दोन आठवडे झोप किंवा जेवण बिघडलंय, दारू वाढलीय, ‘मी नसलो तरी काय फरक पडतो’ असं तोंडातून निघतंय, तर तिथे रकाने बाजूला ठेव. सरळ विचार, ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाले तर एकटं सोडू नकोस. तिथूनच टेली-मानसच्या १४४१६ वर फोन लावून दे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. घरच्या एका माणसाला त्यांच्यासमोरच कळव आणि डॉक्टरांकडे सोबत जा.

वेळेचंही बघ. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते, ३० सप्टेंबरच्या पटावर ठरते, त्यामुळे त्याच्या आधीचा आठवडा बैठक ठेवू नकोस. माणूस देहानं येईल, मन पटावर असेल. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुरू केलंस तर दिवाळीची सुट्टी धरून नोव्हेंबरअखेर सहा बैठका होतात.

एक खटकतं ते लिहितोच. एकच माहिती तीन नमुन्यांत मागायची आणि मग मुख्याध्यापकाला ‘ताण हाताळायला शिका’ म्हणायचं, हे बरोबर नाही. पाचही जणांकडून पुन्हा पुन्हा आलेल्या अडचणी सत्र संपल्यावर नावं न घालता एका पानावर लिही आणि वर दे. ‘हीच माहिती एकाच आठवड्यात इतक्या वेळा मागितली’ असे नुसते आकडे पुरे. त्याचं पुढे काय होईल ते तुझ्या साहेबांवर आहे, पण ते पान गेलंच पाहिजे.

आणि तुझं ऐकायला कोण? शेजारच्या केंद्रप्रमुखाबरोबर महिन्यातून एक तास ठेव. नावं न घेता फक्त तू कुठे अडकलास ते बोलायचं. नाहीतर पाच जणांचं ओझं घेऊन तूही रात्री जागत बसशील.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बाळ्या

ता. क. जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची स्वास्थ्य प्रश्नावली वापरायची असेल तर पहिल्या आणि शेवटच्या बैठकीत वापर. मागच्या दोन आठवड्यांबद्दलचे प्रश्न, प्रत्येकाला ० ते ५ गुण, बेरजेला ४ ने गुणायचं. ५० किंवा त्याखाली आलं तर जास्त लक्ष द्यायचं. कागद त्यांच्याकडेच राहू दे. तुझ्या फायलीत गेला की उद्या कुणीतरी त्याचा केंद्रनिहाय तक्ता मागेल.