माझी पेटी, तुमचं कपाट

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

हा विषय फोनवर काढला की बाबा पहिल्याच वाक्याला 'पण कशाला?' म्हणतात आणि आई फोन स्पीकरवर टाकून आपल्या कामाला लागते. म्हणून सगळं लिहूनच काढते आहे. मला तुमच्या घरात कपाटाच्या खालच्या कप्प्याएवढी जागा हवी आहे, कायमची. तिथे माझ्या फाइलींची दुसरी प्रत सांभाळणारी एक पेटी, म्हणजे कॉम्प्युटरच, ठेवायची आहे.

बाबा, तुमचा जुना कॉम्प्युटर मी नेला तेव्हा 'भंगारात किती मिळतील?' असं तुम्ही विचारलं होतं. तो भंगारात गेला नाही. त्यात दोन नव्या हार्ड डिस्क बसवल्यात आणि आता तो फक्त फाइली सांभाळायचं काम करतो. या कामाला ताकदवान प्रोसेसर लागत नाही. नेटवर्कवरून आलेली फाइल डिस्कवर लिहायची, एवढंच तर आहे. सॉफ्टवेअर ओपनमीडियाव्हॉल्ट नावाचं आहे, फुकट मिळतं, आणि 4 जीबी रॅमवर तक्रार न करता चालतं. ट्रूनॅस नावाचं तसंच दुसरं सॉफ्टवेअर झेडएफएस ही फाइली जपायची पद्धत वापरतं आणि जास्त काटेकोर आहे, पण त्याला किमान 8 जीबी लागते. जुन्या मशीनसाठी जुनी रॅम शोधत फिरण्यात मला रस नव्हता.

पैसे कुठे वाचवायचे हे ठरवणं सोपं होतं. प्रोसेसर, ग्राफिक्स, देखणा डबा या सगळ्यावर शून्य खर्च. डिस्क मात्र नव्या घेतल्या, आणि पॉवर सप्लायही नवा बसवला. जुना सप्लाय जाताना दोन्ही डिस्क सोबत घेऊन गेला, तर सगळी काटकसर पाण्यात. दोन्ही डिस्क मुद्दाम वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतल्या. एकाच खेपेतल्या डिस्कमध्ये एकच दोष असू शकतो, मग त्या मागोमाग जाण्याची भीती. शिवाय स्वस्तातल्या काही डिस्कवर डेटाचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. जागा जास्त मिळते, पण जुनं पुसून नवं लिहायची वेळ आली की त्या फार रेंगाळतात. त्या प्रकाराला एसएमआर म्हणतात. मी पट्टे एकमेकांवर न चढवणाऱ्या, म्हणजे सीएमआर, घेतल्या.

बाबा, खोक्यावर 4 टीबी लिहिलंय आणि स्क्रीनवर 3.6 दिसतं, म्हणून दुकानदाराला धारेवर धरू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि बरेच कॉम्प्युटर 1024 च्या. कोणी काही चोरलेलं नाही.

आता तुमचा खरा प्रश्न : 'दोन डिस्क घेतल्यास, मग दुसरं घर कशाला?' दोन्ही डिस्कवर एकच मजकूर एकाच वेळी लिहिला जातो. याला रेड 1 म्हणतात. ही रेडची कल्पना 1988 साली बर्कलीच्या संशोधकांनी एका निबंधात मांडली आणि नावातच 'स्वस्त डिस्क' असा शब्द घातला, त्यामुळे तुमच्या पठडीतलीच आहे. एक डिस्क मेली तर दुसरीवर काम चालू राहतं. पण मी चुकून एखादं फोल्डर पुसलं तर ते दोन्हीकडून त्याच क्षणी जातं. व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या तर दोन्हीकडे. घरात पाणी शिरलं, चोरी झाली, तर दोन्ही डिस्क एकाच डब्यात आहेत. याला मी बॅकअप म्हणायला तयार नाही. बॅकअप म्हणजे वेगळी प्रत, कालची आणि गेल्या महिन्यातली अवस्थाही जपणारी, आणि त्यातली एक तरी दुसऱ्या छपराखाली. माझ्या ओळखीतलं सगळ्यात भरवशाचं दुसरं छप्पर तुमचं आहे.

म्हणजे हा एकतर्फी उपकार नाही. माझ्या फाइली तुमच्याकडच्या पेटीत आणि तुमचे फोटो माझ्याकडच्या पेटीत. रोज रात्री रेस्टिक नावाचा प्रोग्रॅम फक्त बदललेला भाग पाठवेल. पहिला भरणा मात्र मी इथेच केबल लावून करणार आहे. एक टीबी घरातल्या गिगाबिट केबलवरून तीनेक तासांत जातो. तेच 10 एमबीपीएसच्या अपलोडवर पाठवायचं झालं तर 9 दिवसांहून जास्त लागतील, तेही लाइन एकदाही न तुटता. त्यापेक्षा पेटी भरून मीच घेऊन येते.

आई, तुझ्या फोनचं. गूगलच्या फुकट खात्यात 15 जीबी जागा असते आणि 1 जून 2021 पासून फोटोही त्यातच मोजले जातात. 'जागा संपली' हा निरोप त्यामुळे येतो. फोन बिघडलेला नाही. फोन रात्री चार्जिंगला लावतेसच, तेव्हा त्यातलं अ‍ॅप नवे फोटो पेटीत पाठवेल. तू फोनवरून पुसलेला फोटो पेटीत राहील. तरी पेटीत गेला म्हणून लगेच पुसायची घाई नको, निदान तो माझ्याकडेही पोचेपर्यंत. आणि आजीच्या आवाजाच्या कॅसेट तेवढ्या आधी दे. त्या एकदा कॉम्प्युटरवर उतरवायच्या आहेत. टेप जुनी होत चालली आहे, फोटोंपेक्षा तिची घाई जास्त.

वीज : पेटी चालू असताना साधारण 30 वॅट घेते. दिवसरात्र ठेवली तर महिन्याला 21-22 युनिट. मी तिला रात्री ठरल्या वेळी आपोआप उठायला आणि चार तासांनी बंद व्हायला लावलं आहे, त्यामुळे 4 युनिटच्या आत भागेल. तेव्हा बाबा, दिवसा दिवा दिसला नाही म्हणून बटण दाबू नका आणि रात्री दिसला म्हणून प्लग काढू नका. शेजारचा छोटा यूपीएसही तसाच राहू द्या. वीज गेली तर तो पेटीला निरोप देतो आणि ती नीट बंद होते.

बाहेरच्या कोणाला आत येता येणार नाही. तुमच्या राउटरमधलं एकही दार उघडायचं नाही, दोन घरांमध्ये वायरगार्ड नावाच्या प्रोग्रॅमचा बंद बोगदा असेल. तुमच्याकडच्या माझ्या फाइली कुलूपबंद असतील, आणि त्यांचा पासवर्ड हरवला तर मलाही उघडता येणार नाहीत. म्हणून तो कागदावर लिहून पाकिटात देणार आहे. पाकीट विम्याच्या कागदांसोबत ठेवा, पेटीवर चिकटवू नका.

मधूनमधून फोन करून मी तुम्हाला एखादा जुना फोटो निवडायला सांगेन आणि तो पेटीतून काढून दाखवेन. कोणता ते तुम्ही ठरवायचं, म्हणजे मला आधीपासून तयारी करता येणार नाही.

तुमची,
धाकटी

ता. क. राउटरपासून कपाटापर्यंतचं अंतर टेपने मोजून कळवा, भिंतीच्या कडेकडेने. वाय-फायवर हे काम मला नकोय, आणि तेवढ्या लांबीची केबल इथूनच आणीन.