आदेश ऑनलाइन, हमी कुलपात : केंद्रीय विधी व न्याय मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

उच्च न्यायालयातल्या एका प्रतिज्ञापत्राची नक्कल मिळावी म्हणून केलेला माझा अर्ज गेल्या आठवड्यात परत आला. शेरा एका ओळीचा : 'अर्जदार पक्षकार नाही.'

आमचं गाव मधोमध कापत गेलेल्या महामार्गाविरुद्ध शेजारच्या गावच्या एका गृहस्थांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. केंद्राच्या एका खात्याने प्रतिज्ञापत्र दिलं आणि कोर्टाने दीड पानी आदेश काढला : प्रतिज्ञापत्राच्या परिच्छेद 9 मधली हमी नोंदवून घेतली, याचिका निकाली. आदेश ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर आहे, फुकट आहे, कॅपचातली वाकडी अक्षरं ओळखता आली की उघडतो. परिच्छेद 9 मध्ये काय लिहिलंय, ते मात्र कुठेच नाही. भुयारी मार्ग कबूल केला होता म्हणतात. कुठे? केवढा? कधीपर्यंत? याचिकाकर्ते वारले, त्यांच्या वकिलांनी ऑफिस बदललं, फाइल गेली. शाळेची पोरं दुभाजकावरून उड्या मारतात आणि त्याच खात्याचे साहेब आम्हाला म्हणतात, हमी दाखवा!

आता नक्कल हवी तर वकील करा, वेगळा अर्ज करा, कारण सांगणारं प्रतिज्ञापत्र जोडा. सरकारचं प्रतिज्ञापत्र वाचायला मी प्रतिज्ञापत्र द्यायचं. माझं वय एकोणसत्तर, साखर आहे, रात्रीच्या एसटीने जातो. खिडकीवरचा पोरगा मान वर न करता विचारतो, ''कशाला पाहिजे, आजोबा?'' चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, पण असं मला कुणी विचारलं नव्हतं. माहिती अधिकाराचं नाव काढू नका. उच्च न्यायालयातल्या नकला त्या न्यायालयाच्याच नियमांनी घ्याव्यात, माहिती अधिकारातून नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली गुजरातच्या प्रकरणात सांगून ठेवलंय.

सप्टेंबर 2023 मध्ये आपल्या मंत्रिमंडळाने ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्याला 7,210 कोटी मंजूर केले. त्यातले दोन हजार कोटींवर जुनी कागदपत्रं स्कॅन करायला. 3,108 कोटी दस्तऐवज म्हणे! (मोजले कुणी, देव जाणे.) स्कॅन करून ठेवणार कुठे, संगणकाच्या कपाटात? अमेरिकेत 'पेसर' या कोर्टाच्या संकेतस्थळावर फेडरल (केंद्रीय) कोर्टातला दावा, जबाब, अर्ज पानाला दहा सेंट भरून कुणालाही घरबसल्या मिळतो, तिथेही पैसे का घेता म्हणून लोक भांडतात. इथे मी पैसे घेऊन खिडकीशी उभा आहे!

माझी पुतणी एलएलएम करते. ती म्हणते, काका, निकाल ढिगाने मिळतात, पण वकिलाने कोणता मुद्दा मांडला होता आणि कोर्टाने कशाला हातच लावला नाही, हे याचिका आणि लेखी युक्तिवाद पाहिल्याशिवाय कसं कळणार? ज्यांची मोठ्या वकिलांच्या ऑफिसात ओळख, त्यांचा प्रबंध होतो.

न्यायपालिका स्वतंत्र आहे, आम्ही काय करणार, हे आपलं उत्तर मला पाठ आहे. मग कोर्टाचं राहू द्या. सरकारचं प्रतिज्ञापत्र तर सरकारचंच ना? वकिलाची फी आमच्या करातून, टायपिंग आमच्या करातून. केंद्राच्या खटल्यांची नोंद ठेवणारी 'लिम्ब्स' प्रणाली आपल्याच मंत्रालयाची. जनहित याचिकांमध्ये केंद्राने दिलेलं प्रत्येक उत्तर आणि प्रत्येक हमी तिथून लोकांसाठी खुली करा. माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 न मागता माहिती द्या असंच सांगतं. घटस्फोटाची, अत्याचाराची प्रकरणं खुशाल झाकून ठेवा, ती कुणी मागितली?

पण तुम्ही ते करणार नाही. हमी लोकांच्या हातात पडली की ती न पाळल्याबद्दल कोर्टाच्या अवमानाची याचिका येते, हे तुमच्या खात्यांना नीट कळतं. जमीन घेताना आमचा सातबारा, आधार, बँक पासबुक, वारसांचे दाखले सगळं तीन-तीन प्रतींत मागितलंत. तेव्हा 'कशाला पाहिजे' असं आम्ही विचारलं असतं तर मोबदला अडकला असता. आणि मोबदला तरी कुठे पुरता मिळालाय? वाढीव रकमेचा दावा लवादाकडे पडून आहे, त्याची तारीखही ऑनलाइन दिसत नाही.

परिच्छेद 9 तेवढा पाठवा. साध्या टपालानेही चालेल.

कळावे,
एक सेवानिवृत्त शिक्षक