रीडिंग जमवणे

चिंचवड, पुणे ३३

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

एकाच घरात राहून पत्र लिहितो आहे याचे तुला हसू येईल. पण काल जेवताना तू जे सांगितलेस, त्यावर तिथेच बोललो असतो तर माझा आवाज चढला असता. सॉफ्टवेअरच्या न चालवलेल्या चाळीस चाचण्यांपुढे 'पास' लिहायला वरिष्ठांनी सांगितले आणि 'सगळेच लिहितात' असे तू म्हणालास खरा, पण भात अर्धा टाकून उठलास.

मीही एकदा असे लिहिले आहे. भोसरीच्या एमआयडीसीत मी तपासनीस असताना आमच्याकडे २५ मिलिमीटर व्यासाचे शाफ्ट, म्हणजे पोलादी दांडे, ग्राइंडिंग होऊन येत आणि २४.९८ च्या खालचा नग चालत नसे. माझ्या मायक्रोमीटरवर काही नग २४.९७ भरू लागले. मशीनवरचा कामगार मात्र २४.९८ म्हणत होता. शनिवारी गाडी भरायची होती, सुपरवायझर म्हणाले, "एका रेघेने काय बिघडते?" आणि मी २४.९८ लिहिले. आम्ही याला 'रीडिंग जमवणे' म्हणत असू. चोरीला चोरी म्हणून कोण चोरतो?

तू म्हणशील, हा नीतीचा प्रश्न झाला, कामाच्या दर्जाशी याचा काय संबंध? मलाही तसेच वाटे. पण पुढचे दोन महिने मी तपासणी करतच नव्हतो, लिहिलेला आकडा सांभाळत होतो. नग हाती घेतला की तो किती आहे यापेक्षा किती असायला हवा, हेच आधी मनात येई. ग्राहकाचा माणूस आला की मी स्टोअरमध्ये काहीतरी काम काढी. मशीनमध्ये दोष असल्याची शंका येऊनही मेंटेनन्सला सांगता येईना, कारण कागदोपत्री माझे सगळे नग उत्तम होते.

शेवटी न राहवून सांगितले. बोलणी खाल्ली, त्या वर्षीची पगारवाढ गेली, गोदामातला माल पुन्हा मोजावा लागला. मात्र खरे आकडे वेळेनुसार मांडल्यावर दिसले, की सकाळचे नग बरोबर आहेत आणि दुपारनंतरचे बारीक. नग थंड ठेवणाऱ्या कूलंटची जाळी तुंबल्यामुळे दुपारपर्यंत नग तापू लागत आणि कामगार ते गरम असतानाच मोजी. पोलाद तापले की फुगते; २५ मिलिमीटरचा नग ३० अंशांनी अधिक तापला, तर व्यासात जवळजवळ ०.०१ मिलिमीटरची भर पडते. तोही बरोबर मोजत होता, मीही; तो गरम नग, मी थंड झालेला. खोटे फक्त माझ्या वहीत होते. जाळी साफ करायला अर्धा तास लागला, पण वहीभर २४.९८ असताना सकाळ-दुपारचा तो फरक कुणाला दिसणार होता?

सॉफ्टवेअरमधले मला कळत नाही. तरी 'पास' लिहिलेल्या जागी उद्या बिघाड निघाला, तर तिथे कुणी शोधायला जाणार नाही आणि तुला जाता येणार नाही, एवढे कळते. त्या चाचण्यांपुढे 'चालवली नाही' असे लिही. आणि वरिष्ठांकडे नुसता नकार घेऊन जाऊ नकोस, कोणत्या चाचण्या आधी चालवायच्या आणि किती तास लागतील, हे मांडून जा. ते ऐकतील, अशी हमी मी देऊ शकत नाही. शुक्रवारी उशीर होणार असेल तर आईला आधी कळव. हिंजवडीहून बस चुकली, तर मी स्कूटर घेऊन येईन.

तुझा,
बाबा