वैद्यकीय निर्बंध असलेल्या पोलिसांची नेमणूक : आदेश लेखी आणि सकारण हवा

मा. संपादक,
सादर नमस्कार.

आजारातून किंवा अपघातातून सावरून कामावर परतलेल्या पोलीस कर्मचाऱ्याला कोणते काम द्यावे, यावरचे वाद न्यायाधिकरणात आणि तिथून उच्च न्यायालयात जातात. अशा वेळी कायदा कर्मचाऱ्याच्या बाजूने आहे, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. नोकरी टिकवण्यापुरता कायदा भक्कम आहे; पण उद्याच्या हजेरीत त्या माणसाला बंदोबस्तावर उभे करायचे की नियंत्रण कक्षात बसवायचे, या प्रश्नाला तो जवळजवळ स्पर्शच करत नाही, आणि माझ्या मते तंट्याचे मूळ तिथेच आहे.

सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही आणि त्याचा दर्जा घटवता येत नाही. जुने काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे, तसे पद नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत त्याला अधिसंख्य (म्हणजे मंजूर संख्येपेक्षा जादा निर्माण केलेल्या) पदावर ठेवावे, अशी तरतूद अपंग व्यक्तींविषयीच्या १९९५ च्या कायद्याच्या कलम ४७ मध्ये होती. कर्तव्यावरील दुखापतीनंतर डावा पाय गमावलेल्या एका जवानाला रुग्णता निवृत्तिवेतन देऊन घरी पाठवण्यात आले होते. निवृत्तिवेतन दिल्याने ही जबाबदारी संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये कुणाल सिंह प्रकरणात स्पष्ट केले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात हीच हमी कलम २०(४) मध्ये आली. मात्र सरकारला एखाद्या आस्थापनेला सूट देण्याचा अधिकारही त्याच कलमात आहे आणि केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतील लढाऊ पदांपुरता तो वापरला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलातील मानसिक आजार असलेल्या एका अधिकाऱ्याला सर्वोच्च न्यायालयाने तरीही कलम २०(४) चे संरक्षण दिले. पर्यायी पदावर शस्त्राशी संबंध येऊ न देण्याची मुभाही न्यायालयाने दलाला ठेवली. निर्बंध माणसावर न घालता विशिष्ट कामावर घातला, ही त्या निकालातली बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

दैनंदिन व्यवहारात नेमके हेच होत नाही. हृदयात स्टेंट बसवलेला हवालदार, मणक्याची शस्त्रक्रिया झालेला शिपाई, आठवड्यातून ठरावीक दिवशी डायलिसिससाठी जावे लागणारा सहायक उपनिरीक्षक, यांतल्या अनेकांचा निर्बंध काही महिन्यांपुरताच असतो, आणि कायद्याची दिव्यांगत्वाची व्याख्या दीर्घकालीन दुर्बलतेची आहे. त्यांच्या हाती उरते ते वैद्यकीय प्रमाणपत्र, आणि त्यावर ‘तीन महिने हलके काम द्यावे’ एवढी एकच ओळ असते. आता हलके काम कोणते, हे हजेरी मेजरने, म्हणजे ठाण्यात रोजची कामे वाटून देणाऱ्या कर्मचाऱ्याने, ठरवायचे. मुद्देमाल कारकुनाचे काम कागदोपत्री बैठे आहे, पण जप्त केलेला माल उचलावा-रचावा लागतो. ठाणे अंमलदार खुर्चीवर बसतो, पण पाळी संपेपर्यंत त्याला तिथून हलता येत नाही, आणि मणक्याच्या रुग्णाला सलग बसणे हे थोड्या चालण्यापेक्षा अधिक जाचक ठरू शकते. बिनतारी संदेश कक्षात धावपळ नाही, रात्रपाळी मात्र आहे. प्रमाणपत्राचे पालन झाले असे अधिकारी प्रामाणिकपणे म्हणू शकतो आणि ते झाले नाही असे कर्मचारीही तितक्याच प्रामाणिकपणे म्हणू शकतो. अशा ओळीवरून न्यायाधिकरणाने तरी काय ठरवावे?

प्रभारी अधिकाऱ्याची अडचणही खोटी नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम २८ नुसार पोलीस सदैव कर्तव्यावर असल्याचे मानले जाते, मनुष्यबळ अपुरे असते, आणि एकाला सवलत दिली की त्याचा बंदोबस्त दुसऱ्याच्या माथी येतो. सवलतीचा गैरफायदा घेणारेही असतात, हे खात्यात सर्वांना ठाऊक आहे. पण त्यावर तोंडी आदेश हा उपाय नव्हे. तोंडी आदेश नाकारला की कसुरी अहवाल (कामात कसूर केल्याचा अहवाल) वरिष्ठांकडे जातो आणि मानला तर प्रकृती बिघडते. म्हणून कर्मचारी सरळ सिक करतो, म्हणजे आजारपणाच्या रजेवर जातो. अर्धपगारी रजा वर्षाला वीसच दिवस मिळते आणि पूर्ण पगारासाठी ती परिवर्तित केली तर दुप्पट दिवस खर्ची पडतात. जो माणूस अर्धे काम सहज करू शकला असता, तो या मार्गाने ठाण्याला पूर्णपणे दुरावतो.

दाद मागण्याचा मार्गही अशा वादासाठी लांबचा आहे. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जाण्यापूर्वी १९८५ च्या कायद्यानुसार सर्वसाधारणपणे खात्यात निवेदन द्यावे लागते आणि उत्तर आले नाही तर सहा महिने थांबावे लागते. तीन महिन्यांचा निर्बंध तोवर संपलेला असतो. अंतरिम आदेश मागता येतो, पण त्यालाही आधार तीच एक ओळ. बदल्यांबाबत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम २२-न मध्ये नियम आहेत आणि पोलीस आस्थापना मंडळे आहेत. ठाण्याच्या आत कामाचे वाटप ही मात्र बदली नसल्याने ती त्या चौकटीबाहेर राहते. उलट त्याच कलमात जबाबदारी पार पाडण्यास असमर्थ ठरणे हे मुदतपूर्व बदलीचे एक कारण दिलेले आहे, त्यामुळे हलके काम मागणाऱ्याला आपल्याच प्रमाणपत्राच्या आधारे उपचाराच्या ठिकाणापासून दूर पाठवले जाण्याची धास्ती असते.

म्हणून प्रमाणपत्रातच सलग किती वेळ उभे राहता किंवा बसता येईल, रात्रपाळी, शस्त्र आणि वाहन चालेल की नाही, किती वजन उचलता येईल आणि हे कोणत्या तारखेपर्यंत, याची नोंद सक्तीची करावी. केंद्रीय दलांत मानसिक स्थिती, श्रवण, हातपाय, शारीरिक क्षमता आणि दृष्टी अशी स्वतंत्र वैद्यकीय वर्गवारी आहे. तिथे ती पदोन्नतीला जोडल्याने वेगळेच खटले उभे राहिले. तेवढा भाग आपण उचलू नये. प्रभारी अधिकाऱ्याने त्या नोंदींवरून कामाचा लेखी आणि सकारण आदेश द्यावा, आणि आजाराविषयी शंका असेल तर स्वतः निवाडा न करता प्रकरण पुन्हा वैद्यकीय मंडळाकडे पाठवावे. बनाव करणाऱ्यालाही यामुळे आळा बसेल.

२०१६ च्या कायद्याच्या कलम २३ नुसार प्रत्येक शासकीय आस्थापनेने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो आणि त्याने तक्रार नोंदल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी करायची असते. तात्पुरता निर्बंध असलेल्या पोलिसांच्या तक्रारीही याच अधिकाऱ्याकडे सोपवण्याचे परिपत्रक गृह विभागाने काढावे. त्यासाठी विधिमंडळात जाण्याची गरज नाही.

आपला विश्वासू,
पोलीस खात्यातील एक सेवानिवृत्त कर्मचारी