दिव्याखालचा अभ्यास आणि वहिनीचे दागिने

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला नामदार गोपाळ कृष्ण गोखल्यांवरचा लेख वाचला. लेखकाने मेहनत घेतली आहे हे मान्य. पण ‘वडील फौजदार, म्हणजे घरी ददात नव्हती’ हे वाक्य आपण कसे छापले?

त्यांचे वडील कृष्णराव गोखले कोल्हापूरजवळच्या कागलला आधी कारकून होते, पुढे फौजदार झाले. गावात मान होता, पण घर चालत होते ते पगारावर, आणि पगार माणसाबरोबर गेला. १८७९ साली ते वारले तेव्हा गोपाळ १३ वर्षांचा होता. थोरल्या भावाने, गोविंदरावांनी, शिक्षण सोडून १५ रुपयांची नोकरी धरली. त्यातले ८ रुपये दरमहा कोल्हापुरात शिकणाऱ्या धाकट्याला जात. उरलेल्या ७ रुपयांत बाकीचे सगळे घर. याला ददात नाही म्हणायचे? मॅट्रिक झाल्यावर गोपाळने ‘मीही नोकरी बघतो’ म्हटले, तर भावाने ऐकले नाही, आणि कॉलेजच्या खर्चासाठी वहिनीने दागिने काढून दिले.

आपल्या लेखात रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करणाऱ्या मुलाचे चित्र अर्ध्या पानावर आहे. गोविंदरावांना एक ओळ. वहिनींना तीही नाही. दिव्याची गोष्ट मलाही प्रिय आहे, लहानपणी वडिलांच्या तोंडून शंभरदा ऐकली आहे. पण तो मुलगा तेलाचे पैसे का वाचवत होता, हे त्या ८ रुपयांशिवाय कसे कळणार?

मला हे इतके लागले त्याला कारण आहे. माझे पणजोबा तालुका कचेरीत कारकून होते. प्लेगात गेले. पणजीच्या पाटल्या मोडून धाकट्या दिरांना वकिलीला पाठवले. ते नावारूपाला आले, आमच्या कुलवृत्तान्तात त्यांचा पानभर फोटो आहे. पणजी मात्र पणजोबांच्या नोंदीत शेवटी, ‘पत्नी, तीन अपत्ये’ एवढीच. नाव नाही. मी ते कळवणारी तीन पत्रे लिहिली. ‘पुढील आवृत्तीत पाहू’ असे एकदा उत्तर आले, ती आवृत्तीही निघाली, ओळ तशीच. आमच्यातलेच एक काका मला म्हणाले, ‘पाटल्या तशाही तिच्या हातात राहणार नव्हत्या.’ विधवेच्या हातात राहणार नव्हत्या हे खरेच. पण त्या तिच्या होत्या, आणि दोन लहान मुली पदरात असताना तिने त्या दिल्या. त्या मुलींतली एक माझी आजी. ती सातवीच्या पुढे शिकली नाही.

म्हणून विनंती, आधी ते ‘ददात नव्हती’ मागे घ्या. आणि पुढच्या ९ मेला, गोखल्यांच्या जयंतीला, दिवा थोडा लहान छापा, गोविंदराव आणि त्यांच्या पत्नीला जागा द्या.

जाता जाता, गोखल्यांचा जन्म कागलचा नव्हे, रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचा. हीच चूक आपल्याकडे याआधीही झाली होती. तेव्हाही मी कळवले होते, दुरुस्ती छापून आली नाही. या वेळी छापावी, आणि पहिल्या पानावर नसली तरी निदान पुरवणीतच, जिथे चूक झाली तिथे.

कळावे,
एक जुनी वाचक, कोल्हापूर