दाराजवळच्या खुर्चीतून

प्रिय ताई,

वर्गाच्या शेवटच्या दिवशी सगळे तुमच्याशी बोलायला थांबले होते. मी मात्र चपला घालून निघूनही गेले होते. तेव्हा राहिलेले आभार आज मानते आहे.

जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी सुरू केलेला ८ आठवड्यांचा हा सजग ध्यानाचा (माइंडफुलनेसचा) अभ्यासक्रम. मी पहिल्याच दिवशी विचारलं, ‘४ आठवड्यांत नाही का होणार?’ तुम्ही नुसत्या हसलात. मग हातावर एकेक मनुका ठेवून ती नीट न्याहाळायला सांगितलीत. माझी तोवर गिळून झाली होती. काही न बोलता तुम्ही दुसरी दिलीत.

फ्रीडमन आणि रोझेनमन या हृदयरोगतज्ज्ञांच्या प्रतीक्षाकक्षातल्या खुर्च्यांची गोष्ट तुम्ही सांगितलीत. त्या पुढच्या कडेलाच झिजायच्या, कारण रुग्ण टेकून बसतच नसत. सगळे हसले. मी खाली पाहिलं, तर मीही कडेवरच बसले होते, आणि तीही दाराजवळच्या खुर्चीच्या!

‘घाई आत्ता कुठे आहे?’ हा तुमचा प्रश्न मला आधी विचित्रच वाटला. घाई घड्याळात असते, आणखी कुठे? पण शोधली तेव्हा ती आवळलेल्या जबड्यात सापडली, पायाच्या बोटांत सापडली. बरं, त्या संध्याकाळी मला कुठेही पोचायचं नव्हतं.

श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात, म्हणून सोडताना सावकाश सोडा, हे तुम्ही समजावलंत ते बरं झालं. कारण कळल्याशिवाय माझ्या गळी काही उतरत नाही. तरी घरी मी ध्यानही उरकायचे. ४५ मिनिटांचं २० मिनिटांत! शरमत कबूल केलं, तर तुम्ही म्हणालात, ‘उरकतोय हे कळलं ना? मग तिथूनच पुढे जा.’ त्या वाक्यासाठी हे पत्र आहे. एरवी मी सोडूनच दिलं असतं.

परवा निघायच्या वेळी लेक बुटाची नाडी बांधत बसली होती. एरवी मी वाकून झटकन बांधून टाकते. जबडा आवळलेला जाणवला. श्वास सोडला, उभी राहिले. तिची गाठ दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली. तिने वर पाहिलं, मी तिथेच होते.

आम्हाला ४ मिनिटं उशीर झाला.

तुमची,
दाराजवळच्या खुर्चीतली