भीतीकडे नीट बघू तरी द्या

मा. संपादक,

आपल्या रविवार पुरवणीतला माइंडफुलनेसवरचा, म्हणजे मनात-अंगात आत्ता जे चाललंय ते नुसतं लक्ष देऊन बघण्यावरचा, लेख वाचला. विषय मांडलात ते बरंच झालं. पण 'नकारात्मक भावना दूर सारा, मन शांत करा' हे त्यात इतक्यांदा आलंय, की नवख्या माणसाला वाटावं, डोळे मिटून बसलं की लगेच गार वाटायला हवं. नाही वाटलं तर खोट आपल्यातच. मी कोल्हापुरात शुक्रवार पेठेत शिलाईकाम करते. मला यातून जे मिळालं ते शांती वगैरे नाही, वेगळंच आहे.

जुलै लागला की आमच्या गल्लीत 'जेवलीस काय' कुणी विचारत नाही, 'किती फूट झालं?' विचारतात. पंचगंगा नदीचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे शाळकरी पोरांनाही पाठ आहे. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला ५६ च्या. दोन्ही वेळा आमचा खालचा मजला गेला. मशिन, अस्तराचे तागे, गिऱ्हाइकांची लग्नाची ब्लाउजं. (ब्लाउजांचे पैसे भरून देता येतात, पण लग्नाच्या तोंडावर त्या मुलीला काय सांगायचं?) तेव्हापासून नदी तिशीत असली तरी माझ्या पोटात गोळा येतो. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याचा मेसेज मोबाइलवर आला की पायडलवरचा पाय आपोआप थांबतो. घरचे म्हणतात, 'टेन्शन घेऊ नको.' हे ऐकून कुणाचं टेन्शन गेल्याचं मी अजून बघितलेलं नाही.

आमच्या बचत गटात एक समुपदेशक बाई आल्या होत्या. त्यांनी शांत व्हा म्हटलं नाही. विचारलं, 'आत्ता अंगात कुठं काय होतंय?' आम्ही हसलोच. एक जण म्हणाली, 'गुडघ्यात होतंय, पण ते रोजचंच.' मग बाईंनी समजावलं, की जे होतंय ते आधी अंगात शोधायचं, त्याला साधं नाव द्यायचं आणि ते वाढतंय, उतरतंय की बदलतंय एवढंच बघायचं. बंधाऱ्यावरचा माणूस पट्टीवरचा आकडा वाचतो, पाणी ढकलत बसत नाही, तसं. नाव देण्यावर कॅलिफोर्निया विद्यापीठात झालेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला, तोही त्यांनी सांगितला. रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवून त्या भावनेचा शब्द निवडायला सांगितला, तर मेंदूतल्या अमिग्डाला या भागाची खळबळ कमी झालेली दिसली. अमिग्डाला भीतीच्या वेळी फार जागा होतो म्हणे.

मला त्या मेंदूपेक्षा पुढचं महत्त्वाचं वाटतं. मशिनवर बसल्या बसल्या मी बघायला लागले. घसा कोरडा, तळहात ओले: ही भीती. ती तशीच राहत नाही. थोड्या वेळानं जबडा आवळलेला असतो, म्हणजे आता राग आलाय, वर सामान चढवायला बोलावलं तरी मोबाइल न सोडणाऱ्या मुलाचा. तोही ओसरतो. आणि त्याच्या खाली एक निघालं, ज्याचा मला पत्ताच नव्हता. कानशिलं गरम व्हायची. ती लाज होती. पाणी आलं की भावाकडं राहायला जावं लागतं, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात भांडी शोधावी लागतात, आंघोळीला नंबर लावावा लागतो. वहिनी एका शब्दानं बोलत नाही, तेच जास्त लागतं. इतकी वर्षं मी या सगळ्याला 'पुराची भीती' म्हणत होते. लाज कळल्यावर निदान काही करता आलं. वहिनीला सरळ सांगितलं, की आलो तर सकाळचा स्वयंपाक माझ्याकडं. ती म्हणाली, 'मला वाटायचं तुम्हाला आमच्यात करमत नाही.' पाण्याची भीती अजून आहेच. ती असायलाच हवी, नाहीतर सामान वर कोण नेणार?

हे काही नवीन खूळ नाही. १९७९ साली अमेरिकेत डॉ. जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात दुखण्यांनी गांजलेल्या रुग्णांसाठी वर्ग काढला, तिथून ते दवाखान्यांत शिरलं. मूळ बुद्धाचं. सतिपट्ठान सुत्त या त्यांच्या उपदेशात चित्त द्वेषानं भरलेलं असेल तर ते तसं आहे हे जाणायचं, एवढंच सांगितलंय. आपल्या हातकणंगले तालुक्यात आळत्याला विपश्यना केंद्र आहे. माझी नणंद तिथं दहा दिवसांचं शिबिर करून आली आणि चांगलं सांगते. पण लग्नसराईत दहा दिवस मौन पाळणारी शिंपीण उपाशी मरेल. आमच्यासारख्यांना कामातच बघावं लागतं.

आपल्या लेखात एक गोष्ट यायला हवी होती. सगळ्यांनीच एकट्यानं डोळे मिटून बसू नये. पुरात ज्यांचं माणूस गेलं किंवा जे रात्रभर छपरावर अडकले, त्यांच्या डोळ्यांसमोर मिटल्याबरोबर तेच येऊ शकतं. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, पाय जमिनीला टेकवावेत आणि जाणकारासोबतच हे करावं. सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, मराठीतही बोलता येतं. हा नंबर पुढच्या वेळी लेखासोबत ठळक छापावा.

आणखी एक मागणी आपल्यामार्फत महापालिका आणि जिल्हा प्रशासनाकडे. पूरग्रस्तांच्या निवारा छावणीत जेवण येतं, गोळ्या येतात, पंचनाम्याचे कागद येतात. तिथंच एका खोलीत एक समुपदेशक बसवा. पुरुषांनाही बोलवा, ते 'मला काय झालंय' म्हणत बाहेर चहाच्या गाड्यावर उभे असतात. आणि पाणी ओसरल्यावर वस्तीत सत्रं घ्याल, ती सकाळी अकराला ठेवू नका. तेव्हा बायका घरातला गाळ काढत असतात. संध्याकाळी पाचनंतर ठेवा, आम्ही येतो.

– एक वाचक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर